कडप्प्याच्या पोटात

शुक्रवार रात्र ते शनिवार : गुत्ती, ताडपत्री

सोलापूरहून मद्रासकडे जाणारी रात्रीची गाडी म्हणजे आमच्याकडे तिरुपतीचीच गाडी. डब्यात दोनच जातीचे लोक, केस द्यायला निघालेले आणि देऊन आलेले. त्यामुळे आम्ही आंध्रातल्या बेलमची गुहा बघायला चाललोय म्हटल्यावर समोरच्या बर्थवरच्या काकांनी साहजिकच विचारलं, "कुठल्या देवाची?" देवाची नाही, नुसतीच गुहा, असं सासूबाईंनी सांगितल्यावर ते बराच वेळ आमच्या सामानाकडे बघत होते. सामानात कडक भाकरी, शेंगाचटणी, डोक्याला लावायच्या बॅटऱ्या आणि प्रत्येकी दोन जास्तीचे पंचे.

बरोबर नवरा, नववीतली लेक, सासूबाई, माझा दादा-वहिनी, त्यांचा सहावीतला मुलगा आणि शेजारचे अण्णा-अक्का. अण्णांचं घराणं पद्मशाली, सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात तेलुगू. तेव्हा आंध्रात भाषेची सगळी भिस्त त्यांच्यावर, आणि हे ते गाडी सुटण्याआधीपासून ऐकवत होते.

पहाटे गुंतकलला उतरलो. आधी ठरवलेली टेम्पो ट्रॅव्हलर हजर होती. ड्रायव्हरशी अण्णांनी ऐटीत तेलुगू सुरू केलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं, "साब, आप कौनसे देश के तेलुगू?" तीन-चार पिढ्या सोलापुरात काढलेलं तेलुगू आहे ते, त्यात निम्मी मराठी न् पाव कानडी. अक्का इतक्या हसल्या की चहा सांडला.

नाश्त्याला टपरीवर उग्गाणी-बज्जी मिळाली. भिजवलेले मुरमुरे, वर फोडणी, डाळ्याची पूड, सोबत मिरची भजी. पहिला घास घेऊन सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर आपला सुशीला!" आणि खरंच, सोलापूर-लातूरकडचा सुशीलाच. सरहद्दी सरकारने आखल्या, मुरमुऱ्यांना कोण सांगणार.

ताडपत्रीच्या वाटेवर गुत्ती लागते. खरं तर तिथे थांबायचं ठरलं नव्हतं, पण दादाला गाडीतून किल्ला दिसला आणि मग काही इलाज नव्हता. ही मुरारराव घोरपड्यांची गुत्ती. अठराव्या शतकात दक्षिणेतल्या प्रत्येक भांडणात ज्यांची फौज कुणा ना कुणाच्या बाजूने उभी असायची, ते सेनापती इथे बसायचे. १७७६ मध्ये हैदर अलीने वेढा घालून किल्ला घेतला आणि मुरारराव कैदेतच वारले. माथ्यावर कड्याच्या टोकाशी एक छोटी चुनेगच्ची बैठक आहे, तिला आजही मुराररावांची बैठक म्हणतात. तिथवर दादा आणि भाचा दोघेच चढले. बाकीच्यांनी खाली सीताफळं खाल्ली.

ताडपत्री जवळ आली तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फरशांचे ढीग सुरू झाले. काळ्या, करड्या, घासलेल्या, न घासलेल्या, एकावर एक उभ्या रचलेल्या. कापणीच्या पात्यांचा आवाज, पांढुरका चिखल, दगडाच्या पुडीने माखलेली झाडं. हाच आपला कडप्पा. महाराष्ट्रातल्या निम्म्याअधिक स्वयंपाकघरांचे ओटे, मोरीच्या कडा, जिन्याच्या पायऱ्या या टापूतून आलेल्या. रात्री गाडीत झोपेत वाडी-शहाबाद गेलं, तिथली शहाबादी फरशीही चुनखडीच, पण तिचा रंग निराळा. ओट्यावर लिंबू सांडलं की कडप्प्यावर पांढरा डाग का पडतो, हे मला इतकी वर्षं फक्त चिडायला ठाऊक होतं. चुनखडीला आम्ल चालत नाही. उद्या बघायच्या गुहेचं सगळं रहस्य त्या डागात होतं.

संध्याकाळी पेन्ना नदीकाठच्या बुग्गा रामलिंगेश्वराला गेलो. विजयनगरच्या काळातलं देऊळ, गोपुराचं काम अर्धवट राहिलेलं, पण जे झालंय त्यावर इतकी बारीक नक्षी की अर्धवट राहिल्याचं वाईट वाटत नाही. लिंगाशी बारमाही झरा आहे. 'बुग्गा' म्हणजे झराच, हे मात्र अण्णांनी न अडखळता सांगितलं.

रविवार : बेलम

रविवारी बेलमला जाऊ नका. आम्हाला इलाज नव्हता, तुम्हाला असला तर मधला वार धरा. दहाला दार उघडतं, त्याआधी पोचलो म्हणून निदान पहिला तासभर निवांत मिळाला.

ताडपत्रीपासून बेलम तीसेक किलोमीटर. गाडीतून शेवटपर्यंत डोंगर शोधत होतो, कारण गुहा म्हणजे डोंगरात असणार हे डोक्यात पक्कं. कार्ला, भाजे, अजिंठा सगळं वर चढून बघितलेलं. इथे मात्र सपाट शेतं, मध्ये पांढरा धिप्पाड बुद्ध बसलेला, आणि त्याच्या पुढ्यात जमिनीला पडलेलं विहिरीएवढं भोक. त्या भोकात जिना उतरतो. बस.

आपल्याकडे अशा गुहा का नाहीत, हे लेकीने जिना उतरता उतरताच भाच्याला समजावलं. सह्याद्री बेसॉल्टचा, लाव्हा थंड होऊन झालेला. बेसॉल्ट पाण्यात विरघळत नाही, म्हणून आपल्याकडे जी लेणी आहेत ती छिन्नीने कोरावी लागली. इथली चुनखडी. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, सौम्य आम्ल बनतं, भेगांमधून झिरपतं आणि दगड हळूहळू विरघळवून वाट मोठी करत जातं. "म्हणजे सोडावॉटरने खणली," भाचा म्हणाला. लेकीने डोळे फिरवले, पण चूक काढता आली नाही.

खाली पाय टेकले आणि चष्म्यावर धुकं. बाहेर डिसेंबरची कोरडी थंडी, आत दमट ऊब. पाच मिनिटांत स्वेटर कमरेला, दहा मिनिटांत पंचा गळ्यात. आत ठिकठिकाणी हवा ढकलणारे पाइप आहेत. त्यांच्या तोंडाशी जो तो थबकतो आणि मागची रांग ओरडते. सुती कपडे, पकड असलेले बूट आणि पाणी एवढं असलं की पुरे. जीन्स घालून आलेल्या नवऱ्याचे हाल मी तपशिलात सांगत नाही.

बेलमची मोजलेली लांबी ३,२२९ मीटर. त्यातली साधारण दीड किलोमीटर लोकांना खुली आहे. भारतीय उपखंडाच्या सपाट प्रदेशात एवढी लांब गुहा दुसरी नाही. मेघालयातल्या याहून लांब, पण त्या डोंगराळ मुलखात. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये बेलमची नोंद केली. दगडाची हत्यारं शोधून भारतातल्या अश्मयुगाला हात घालणारा हाच तो. त्यानंतर जवळपास शंभर वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. १९८२-८३ मध्ये हर्बर्ट डॅनियल गेबाउअर नावाच्या जर्मन माणसाने आपल्या चमूसह आतून सरपटत सगळं मोजलं. आत त्याच्या नावाचं दालनही आहे. मधल्या काळात आसपासचे लोक इथे कचरा टाकत. तो उपसून, पायवाट करून, दिवे लावून राज्याच्या पर्यटन महामंडळाने २००२ मध्ये गुहा खुली केली. आत बौद्ध भिक्षू राहत असल्याच्या खुणा मिळाल्यात, आणि त्याहून जुनी, इसवी सनाच्या बऱ्याच आधीची भांडीही.

सुरुवातीलाच ध्यानमंदिर लागतं. दगडाचा आपसूक बनलेला पलंग, उशीसकट. वहिनीला बंद जागेचा त्रास होतो हे आम्हाला माहीत होतं आणि तिने निघायच्या आधीच सांगितलं होतं, "जिथे जमणार नाही तिथे बसेन, कुणी आग्रह करायचा नाही." ती ध्यानमंदिरात बसली. दादा मध्येमध्ये येऊन तिला बघून जायचा. बाहेर पडल्यावर कळलं की तिने तासाभरात तीन वेगवेगळ्या गटांचे फोटो काढून दिले, एका तेलुगू आजीकडून चिंचेच्या भाताची कृती घेतली आणि एका रडक्या पोराला गप्प केलं. आमच्यापेक्षा बेलममधली माणसं तिनेच जास्त पाहिली.

पुढे सिंहद्वार. वरून लोंबणाऱ्या दगडांची अशी काही जुळणी झालीय की जबडा उघडून बसलेला सिंह स्पष्ट दिसतो. इथे गाइडने सांगायची गरज पडली नाही. पुढे मात्र गाइडची भट्टी पेटली आणि प्रत्येक दगडात गणपती, ऐरावत, मगर दिसायला लागले. माझं मत विचाराल तर दगडाला दगड राहू द्यावं. सहस्रफणांच्या दालनात मात्र मी मुकाट्याने मान डोलावली. छतावरून खरोखरच नागाचे फणे उघडल्यासारख्या थरच्या थर कडा खाली आल्या आहेत, आणि बॅटरी फिरवली की सावल्या हलतात.

कोटिलिंगांच्या दालनात आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो. छतापासून लोंबणारे हजारो लहान लहान सुळके, आणि एका जागी वरचा सुळका आणि खालचा खुंट एकमेकांना भेटून झालेला मोठा खांब. पाठ्यपुस्तकातले अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ. लेकीने एका बोटभर सुळक्याच्या टोकाला बॅटरी लावली. टोकाशी थेंब होता. थेंबाच्या वरची कड भिजलेली, तिच्यावर बारीक पांढरट कडं. आम्ही उभे राहून त्या थेंबाची वाट बघत राहिलो. फुगला, थरथरला, पण पडेना. थेंब लोंबकळतो त्या वेळात त्यातला वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना कणभर मागे राहतो, त्याचंच ते कडं. असा सुळका वर्षाला मिलिमीटरच्याही अंशाने वाढतो. मागून एक काका "चला चला, रस्ता द्या" म्हणाले, आम्ही सरकलो, आणि तेवढ्यात तो पडला असणार. लेक अजून त्या काकांवर रागावलेली आहे.

रंगीत दिव्यांची रोषणाई काही ठिकाणी मला उगाच वाटली. पिवळा साधा दिवा पुरेसा असतो. शिवाय दिव्याजवळच्या दगडावर हिरवट शेवाळ धरतं. जिथे कधी ऊन पोचलं नाही तिथे आपण उजेड नेला की हे आलंच.

सप्तस्वरांच्या गुहेत अक्कांचा वट होता. त्या पूर्व भागातल्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. गाइडने बोटांच्या पेराने एकेका दगडी पडद्यावर ठोकून दाखवलं. धातूसारखा गोल आवाज, लांबी-जाडीप्रमाणे कमीजास्त. अक्कांनी डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "सात नाहीत. चार आहेत, त्यातला एक कणसूर." गाइड तेलुगूत काहीतरी म्हणाला, अण्णांनी त्याचं भाषांतर करायचं नाकारलं.

सगळ्यात खाली पाताळगंगा, जमिनीपासून ४६ मीटर. लोखंडी जिना, ओलसर कठडा, डोकं सांभाळत उतरायचं. सासूबाई तोवर सगळं चालल्या होत्या, कारण आतली वाट बरीचशी सपाट आहे. इथे मात्र गुडघ्याने नाही म्हटलं. त्या वरच थांबल्या आणि भाच्याच्या हाती पंचपात्रीतल्या पळीएवढी एक वाटी देऊन म्हणाल्या, "गंगा आहे ना, थोडं आण." खाली एक बारीकसा प्रवाह खडकातून येतो आणि पुढच्या खडकात गडप होतो. तो दोनेक किलोमीटरवरच्या बेलम गावातल्या विहिरीला मिळतो अशी तिथली समजूत. वाटी भरून वर आणेपर्यंत निम्मी भाच्याच्या शर्टावर. उरलेल्यात सासूबाईंनी बोट बुडवून डोळ्यांना लावलं आणि बाकीचं पुन्हा दगडावरच सोडलं.

परतताना गर्दी उलटी आत येत होती. एका चिंचोळ्या जागी अण्णा आणि समोरून येणारे तितकेच भरदार एक गृहस्थ समोरासमोर आले. कुणीतरी मागे जाणं भाग होतं. दोघांनीही "तुम्ही आधी" सुरू केलं. शेवटी दोन्हीकडच्या रांगा मागे सरकल्या. वर आलो तेव्हा दुपारचा वारा अंगाला असा लागला की सगळ्यांनी एकदम स्वेटर घातले.

मुक्कामाला बनगानपल्ली. आंब्याची बनगानपल्ली, हो तीच. डिसेंबरात अर्थातच झाडंच बघायची.

सोमवार : यागंटी आणि बिल्लासुरगम

यागंटी बनगानपल्लीहून अर्ध्या तासावर. उमामहेश्वराचं देऊळ, मागे तांबूस कडे, पुढ्यात पुष्करिणी. डोंगरातलं पाणी दगडी नंदीच्या तोंडातून कुंडात पडतं. पाणी गार आणि इतकं नितळ की तळाची नाणी मोजावीत. देवळातला मोठा नंदी वाढतोय असं इथे सगळेच सांगतात, पूर्वी त्याला प्रदक्षिणा घालता यायची, आता एक खांब काढावा लागला म्हणतात. आणि यागंटीत कावळा येत नाही, अगस्त्य ऋषींचा शाप आहे. भाच्याने दिवसभर कावळा शोधला.

देवळाभोवती तीन गुहा. वेंकटेश्वराची सोपी. अगस्त्यांच्या गुहेला उभ्या पायऱ्या, दम काढणाऱ्या. तिसरी वीरब्रह्मेंद्र स्वामींची, ज्यांचं भविष्य सांगणारं 'कालज्ञानम्' आंध्रात घरोघरी ठाऊक आहे. तिथे इतकं वाकावं लागतं की गर्व आपोआप उतरतो, असं अण्णा म्हणाले, आणि वाकताना त्यांची पँट उसवली.

दुपारचं बिल्लासुरगम हा दादाचा हट्ट. बेतमचेर्लाजवळची ही गुहांची रांग. तिकीट नाही, दिवे नाहीत, पाटीही धड नाही. गावातला एक मुलगा वाट दाखवायला आला. कधीकाळी सलग असलेल्या गुहेचं छत कोसळून घळ झालीय आणि राहिलेल्या छताच्या नैसर्गिक कमानी उभ्या आहेत. न्यूबोल्ड या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ मध्ये याबद्दल लिहिलं, आणि पुढे फूटने मुलाला बरोबर घेऊन इथे खोदलं. वडील भूगर्भशास्त्रज्ञ, मुलगा लष्करात. ढिगांनी प्राण्यांची हाडं निघाली, आज या भागात नसलेल्या प्राण्यांचीही. गुहांना नावंही फूटनेच दिली, एक 'कॅथीड्रल', एक चक्क 'चार्नेल हाउस', म्हणजे अस्थिघर.

बेलमनंतर मला हीच जास्त आवडली. कमानीखाली वडाच्या पारंब्या, वर आभाळाचा तुकडा, खाली वटवाघळांच्या लेंडांचा उग्र वास. वहिनी इथे सगळ्यांच्या पुढे होती, कारण डोक्यावर आकाश होतं. आतल्या अंधाऱ्या फाट्यात फक्त दादा, नवरा आणि मुलं गेली. त्यांना मी तीन अटी घातल्या. प्रत्येकाकडे दोन बॅटऱ्या, वाटाड्या पुढे, आणि बाहेरच्या माणसाला परतायची वेळ सांगून जायचं. सासूबाई बाहेर दगडावर घड्याळ धरून बसल्या. पोरं दिलेल्या वेळेच्या आधीच बाहेर आली. वटवाघळं उठली होती, आणि दादा सगळ्यात पुढे पळत होता.

मंगळवार : गंडिकोटा

गंडिकोट्याबद्दल फोटो इतके फिरलेत की लिहायला कमी उरतं. पेन्ना नदीने डोंगर कापलाय आणि कड्यावर किल्ला. इथला खडक चुनखडी नव्हे, तांबडा कठीण क्वार्टझाइट. म्हणून इथे पाण्याने दगड विरघळवला नाही, चिरला. दरी दिसायला भव्य, आत शिरायला काही नाही. मुलांना दोन दिवस अंधारात घालवल्यावर दरी फिकी वाटली. मोठ्यांना रंगनाथाचं देऊळ, जामा मशीद आणि प्रचंड धान्यकोठार आवडलं. १६५२ मध्ये गोवळकोंड्याचा वजीर मीर जुमला इथे असताना तावेर्निये हा फ्रेंच रत्नव्यापारी त्याला भेटायला आला होता. कड्याला कठडा नाही, सेल्फीवाले अगदी टोकावर उभे असतात. सासूबाईंनी तिघांना ओरडून मागे घेतलं, मराठीत. तिघेही आले.

दुपारी जम्मलमडुगूत रागी संकटी, म्हणजे नाचणीचे गोळे, आणि शेंगदाण्याचं पुलुसू, म्हणजे आंबट रस्सा. संध्याकाळी येर्रगुंटला स्टेशन. गाडी उशिरा होती म्हणून फलाटावर पुढच्या सुट्टीची चर्चा सुरू झाली. दादाचं म्हणणं मेघालय, नवऱ्याचं विशाखापट्टणमकडच्या बोर्रा गुहा, कारण तिथे अरकूच्या घाटातली रेल्वे आहे. वहिनी म्हणाली, जिथे छत नाही तिथे. अक्कांना बेलमलाच परत यायचं आहे, ट्यूनर घेऊन. सासूबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कुठेही न्या. पण जिने किती ते आधी फोन करून विचारा, आणि तो फोन अण्णांना लावू देऊ नका."